येतो म्हणणारी ओळ

प्रल्हाद कणसे यांचा उजवा हात सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा एकदा चावीला चिकटला.

चावी म्हणजे कुलपाची नव्हे. रहिमतपुरात रस्त्याखाली पाण्याचे जे व्हॉल्व्ह आहेत, ते फिरवायला छातीइतक्या उंचीची, वर आडवा दांडा असलेली लोखंडी चावी लागते. अपघातानंतरची चार वर्षं वगळली, तर कणसे सव्वीस वर्षं ती खांद्यावर टाकून गावभर हिंडत आले होते. त्या दिवशी त्यांनी बाजारपेठेतला व्हॉल्व्ह बंद केला, पुढच्या आळीत जायला वळले, तर बोटं सुटेनात. भाजी घ्यायला आलेल्या बायका बघायला लागल्या. कणसे कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा चेहरा करून भर रस्त्यात चार मिनिटं चावी धरून उभे राहिले. चार मिनिटांनी बोटं आपोआप उघडली. तीन आठवड्यांतली ही पाचवी खेप होती.

कणशांनी हे कुणालाही सांगितलं नाही. चुगली केली ती त्यांच्या मनगटावरच्या पट्ट्याने.

सात वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून कणशांच्या मानेतल्या मज्जारज्जूला उजव्या बाजूने मार बसला होता. पाय सावरला, हात नाही. हात शाबूत होता, बोटं शाबूत होती, मेंदूही इमानेइतबारे हुकूम सोडत होता. हुकूम न्यायची वाट तेवढी तुटली होती. अशा माणसांसाठी साताऱ्याच्या ‘हस्तसेतू’ प्रयोगशाळेने दोन हजार छत्तीस साली तुटलेल्या वाटेवरून पूल टाकला. मेंदूवर ठेवलेली नखाएवढी चकती हाताला जाणारा हुकूम वाचायची आणि बिनतारी लहरींवरून मनगटावरच्या पट्ट्याला कळवायची. पट्टा कातडीखालच्या केसाएवढ्या बारीक तारांतून स्नायूंना विजेचा हलकासा चिमटा काढायचा, की मूठ मिटायची. हा सगळा प्रवास पापणी लवायच्या आत व्हायचा. एकतीस माणसांना असे हात मिळाले होते. त्यांतले कणसे नववे, आणि आपल्या मूळ कामावर परत रुजू झालेले पहिले. प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकावर चावी खांद्यावर घेतलेला त्यांचाच फोटो होता.

पट्ट्यात एक रेडिओ असतो आणि एक छोटा संगणक. दोघांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि हस्तसेतूचा ड्रायव्हर शर्वरी निकमच्या ताब्यात होता. शर्वरी एकोणतीस वर्षांची होती. स्वतःच्या हुशारीवर तिचा भारी विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर तो अगदीच अस्थानी नव्हता. मूळ ड्रायव्हर वसुधा टिळेकरांनी लिहिलेला, चार हजार ओळींचा. वर्षापूर्वी शर्वरीने तो झाडून-पुसून एकोणीसशे ओळींवर आणला. वसुधाताईंना ती घाई पसंत नव्हती. दोघींचं वाजलं, आणि त्याच महिन्यात वसुधाताई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्या शर्वरीच्या टेबलापाशी आल्या आणि “येते हं,” म्हणाल्या. शर्वरीने पडद्यावरची नजर न काढता नुसतं “हं” केलं. ते “हं” तिला अजून अधूनमधून भातातल्या खड्यासारखं दाताखाली यायचं.

मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. नसीम इनामदार यांनी तिला खोलीत बोलावलं.

“साठ हजार वेळा मूठ उघडून-मिटून बघितली ना आपण?”

“साठ हजार दोनशे. एकदाही अडकली नाही.”

“आणि बाकीच्या तीस जणांची?”

“नाही मॅडम. फक्त कणसेमामांची.”

नसीमबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग बिघाड पट्ट्यात म्हणायचा की माणसात? गुरुवारी चार वाजता परीक्षण समितीला अहवाल द्यायचाय. कारण सापडलं नाही असं लिहिलं, तर एकतीसच्या एकतीस हात बंद करायला सांगतील. वापरणाऱ्याची कामाची पद्धत यंत्राला मानवत नाही असं लिहिलं, तर एकट्या कणशांचा बंद होईल. तूच सांग काय लिहू.”

बंद होईल म्हणजे काय, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्या बारीक तारांमधून दोन महिने वीज गेली नाही, तर शरीर त्यांच्या टोकांभोवती जाड आवरण चढवतं. मग पट्टा पुन्हा लावून उपयोग नसतो. कणशांचा हात परत पहिल्यासारखा लोंबायला लागला असता, आणि या वेळी कायमचा.

“मला गुरुवारपर्यंत वेळ द्या,” शर्वरी म्हणाली.

तिचा पहिला संशय रेडिओवर होता. जुनी रेडिओची चिप बनवणारा कारखाना बंद पडला, म्हणून चार महिन्यांपासून सगळ्यांच्या पट्ट्यांत एकेक करून नवी चिप बसवली जात होती. कणशांचा पट्टा सगळ्यांत शेवटी बदलला, त्याला बरोबर तीन आठवडे झाले होते. जुन्या चिपा आता मिळत नव्हत्या, तेव्हा मागे फिरायची सोय नव्हती. पण नवीच चिप नाठाळ असेल, तर ती उरलेल्या तिसांशी एवढी गुणाने का वागत होती, हे काही तिला कळेना. तिने गाडी काढली आणि तडक रहिमतपूर गाठलं.

कणशांच्या घरी त्यांच्या बायकोने, शालनताईंनी, चहा केला. कणशांनी कप डाव्या हाताने उचलला. उजवा हात विजारीच्या खिशात होता.

“मामा, तो हात दुखतोय का?”

“न्हाई, ताई. झ्याक हाय.”

“झ्याक हाय तर भाईर काढा की,” शालनताई म्हणाल्या. मग शर्वरीकडे वळून त्यांनी आपल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या. मनगटावर चार बोटांचे हिरवटलेले वळ होते. “आठ-नऊ दिस झालं, आयतवारी देवळाच्या पायऱ्या उतरताना ह्यांनी माझा हात धरला. खालच्या पायरीवर ह्ये थांबले, मला सावरायला हात जरा घट केला, आन् त्यो तसाच ऱ्हायला. आदी मला हसूच आलं. मागनं मातुर कळ निगाली. चार मिन्टं काय लई न्हाईत वो. पर तवापासनं ह्यो मानूस घरात आला की हात खिशात.”

कणसे अंगणाकडे बघत राहिले. “सात वर्सं हिचा हात धरला नव्हता,” ते म्हणाले. “धरला तर ह्ये असं झालं.”

शर्वरीने चहा संपवला. ती म्हणाली, “मामा, तुम्ही व्हॉल्व्ह कसा बंद करता ते मला बघायचंय.”

दुपारच्या पाळीला ती त्यांच्या मागोमाग हिंडली. पाच व्हॉल्व्ह झाले, सहावा झाला. हात अडकला नाही, पण आठव्याला तिच्या लक्षात आलं की कणशांची एक ठरीव रीत आहे. ते चावी पूर्ण पिळून घेत, तशीच धरून ठेवत, डावा तळवा दांड्याखालच्या गजाला लावत, क्षणभर थांबत, आणि मग उजव्या हाताने शेवटचा एक बारीकसा पिळा देत. थांबताना ओठ हलत.

“तुम्ही काय पुटपुटता?”

कणसे ओशाळले. “काय न्हाई. पान्याला इचारतो. गज आतनं थरथरत असला म्हंजी पानी अजून चाललंय. म्हनून इचारायचं, थांबलं का? आन् मग जरासं आवळायचं. आमच्या वस्तादानं तसं शिकीवलं. न्हाईतर सारी रात गळत बसतंय.”

“दर वेळी विचारता?”

“दर वेळी. न इचारता आवळलं तर आटे खराब होत्यात.”

शर्वरीने फोनवर ते नऊ वेळा मोजलं. “थांबलं का” म्हणायला कणशांना सेकंदाचे सहा दशांश लागत. सव्वीस वर्षांच्या सवयीने त्यात कधी तसूभर फरक पडत नव्हता. अठराव्या व्हॉल्व्हला हात अडकला. कणसे मुकाट्याने उभे राहिले आणि शर्वरीही त्यांच्याशेजारी चार मिनिटं उभी राहिली. त्या चार मिनिटांत तिच्या डोक्यात तो सहा दशांश सेकंद घोळत होता, कारण हा आकडा तिच्या ओळखीचा होता. तो तिनेच ड्रायव्हरमध्ये लिहिला होता.

झालं होतं ते असं. माणूस एखादी वस्तू नुसती धरून ठेवतो, तेव्हा मेंदूच्या हुकुमात बदल नसतो. बदल नाही तर निरोप नाही. म्हणून पट्टा शेवटचा हुकूम तसाच चालू ठेवतो, म्हणजे हातातला कप पडत नाही. आणि सेकंदाचे सहा दशांश निरोप आला नाही, तर त्याचा संगणक वीज वाचवायला झोपी जातो. नवा निरोप आला की रेडिओ घंटी वाजवतो, संगणक दचकून उठतो आणि निरोप घेतो. या घंटीला इंटरप्ट म्हणतात.

आता घंटी वाजवण्याच्या दोन तऱ्हा असतात. जुनी चिप धसमुसळ्या पाहुण्यासारखी होती. दार उघडेपर्यंत घंटीवरचं बोट काढायची नाही. नवी चिप भिडस्त. एकदाच टिंग करणार आणि दारात गप उभी राहणार. आपण एकदा सांगितलंय, आता पुन्हा कशाला त्रास द्यायचा, असा तिचा स्वभाव. दोन्ही तऱ्हा आपापल्या जागी योग्यच आहेत. गोम अशी की निरोपांची आवराआवर चालू असताना संगणक घंटीचं बटण बंद ठेवतो, आणि झोपायच्या आधी ते चालू करतो. नेमकं त्याच फटीत, बटण चालू व्हायच्या जरासं आधी कुणी टिंग केलं, तर ते ऐकू येत नाही. धसमुसळ्याचं काही बिघडत नाही, त्याचं बोट घंटीवरच असतं. भिडस्त मात्र दारातच राहतो, त्याच्या मागे आलेले निरोपही रांगेत उभे राहतात, आणि आत संगणक ढाराढूर. मूठ मिटलेली ती मिटलेलीच. दर चार मिनिटांनी एक राखणदार येऊन संगणकाला हलवून जातो, तेव्हा कुठे सुटका होते.

ती फट केसाएवढी होती. प्रयोगशाळेतलं यंत्र मूठ उघडायचं, मिटायचं, मध्ये थांबायचंच नाही. उरलेले तीस जण थांबत, पण कधी कमी, कधी जास्त. “थांबलं का” असं मोजून विचारणारे एकटे कणसे होते, आणि त्यांचा प्रश्न दर वेळी बरोब्बर त्या फटीपाशी येऊन संपत होता.

संध्याकाळी प्रयोगशाळेत परतल्यावर शर्वरीने ड्रायव्हर उघडला. झोपायच्या आधी दाराबाहेर डोकावून बघणारं त्यात काहीच नव्हतं. हे असं कसं राहिलं? वसुधाताईंसारख्या बाईच्या हातून इतकी ढोबळ गोष्ट सुटावी, याचं तिला नवल वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची झाडपूस आठवली. सुटली नव्हती. जुन्या नोंदी चाळायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मूळ ड्रायव्हरमध्ये एक ओळ होती. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द मराठी: येतो. कारण नाही, खुलासा नाही, नुसतं येतो. ती ओळ रेडिओच्या पेटीत डोकावून काही आहे का बघायची आणि नसेल तर पुढे जायची. वर्षापूर्वी शर्वरीने ती जुन्या चिपवर दहा लाख वेळा चालवून पाहिली होती. पेटीत दर वेळी शून्य. कोड तपासणाऱ्या यंत्रानेही त्या ओळीला निरर्थक असा शेरा दिला होता. मग शर्वरीने ती काढून टाकली आणि खाली स्वतःच्या नावानिशी नोंद केली: “या ओळीने आजवर कधीच काहीही केलेलं नाही.” पुढे हसरा चेहराही काढला होता.

धसमुसळ्या पाहुण्यासाठी त्या ओळीची गरज नव्हती, हे खरंच होतं. पण ओळ गेल्यावर आठ महिन्यांनी पाहुणा बदलला, आणि या दोन गोष्टींची सांगड घालायला कुणीच नव्हतं. शर्वरी कितीतरी वेळ त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत बसली. तिला शालनताईंच्या मनगटावरचे वळ आठवत होते, आणि स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

बुधवारी सकाळी तिने ती ओळ होती तिथे परत ठेवली. प्रयोगशाळेतल्या यंत्राला तिने कणशांसारखं थांबायला शिकवलं: पिळा, थांबा, पुन्हा पिळा. ओळीशिवाय मूठ दर चारेकशे खेपांत एकदा अडकत होती. ओळीसह शंभर झाल्या, हजार झाल्या, दोन हजार झाल्या. शर्वरीला जरा श्वास घेता आला. एकवीसशे चौदाव्या खेपेला मूठ अडकली.

फट बारीक झाली होती, बुजली नव्हती. आणि एकवीसशे खेपा म्हणजे कणशांचं जेमतेम तीन आठवड्यांचं काम.

दुपारी शर्वरी लिंबला गेली. साताऱ्याजवळच्या त्या गावात वसुधाताई राहत होत्या, हे तिला वर्षभर माहीत होतं, आणि वर्षभर ती तिकडे फिरकली नव्हती. फाटकातून आत शिरली, तर डोक्यावर हेल्मेट घातलेल्या वसुधाताई अंगणात विजेची स्कूटर शिकत होत्या. तुळशीला एक फेरी घालून त्या शर्वरीच्या अंगावर आल्या आणि वीतभर अंतरावर कशाबशा थांबल्या.

“त्रेसष्टाव्या वर्षी तोल राहत नाही म्हणतात,” त्या म्हणाल्या. “तोल राहतो. ब्रेकचंच विस्मरण होतं. चहा घेणार?”

“आधी सांगते, मग चहा देता का ते बघा,” शर्वरी म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. कणसे, वळ, काढलेली ओळ, खालची नोंद. हसऱ्या चेहऱ्याचंही सांगितलं.

वसुधाताई हेल्मेट मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. रागावल्या नाहीत. “चूक अर्धी माझी आहे,” त्या म्हणाल्या. “नुसतं येतो लिहून ठेवलं मी. मला वाटलं, मराठी वाचणाऱ्याला कळेल. कारण लिहायला दोन मिनिटं लागली असती.”

“येतो म्हणजे काय पण? मला वाटलं, तुम्ही गंमत केलीय.”

“आमच्या घरी निघताना जातो म्हटलं की आई ओरडायची. जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. लहानपणी मला ते खुळचटच वाटायचं. पण बघ हं, जातो म्हणणारा तडक चालायला लागतो. येतो म्हणणारा माणूस दारात थांबतो आणि एकदा मागे वळून बघतो. काही राहिलं का, कुणी हाक मारतंय का. संगणकाने झोपायला जाताना तसं वळून बघावं, एवढंच त्या ओळीचं काम. तेव्हा तिची गरज नव्हती. पण चिप आज एक आहे, उद्या दुसरी असेल.”

“मी ती परत ठेवलीय, ताई. होती तिथेच. तरी एकवीसशे खेपांत एकदा अडकतंय.”

“दाखव.”

शर्वरीने पायरीवरच लॅपटॉप उघडला. वसुधाताईंनी चष्मा कपाळावर ढकलला, नाक पडद्याला लागेल इतकं जवळ नेलं, आणि अर्ध्या मिनिटात खळखळून हसल्या.

“अगं, माझ्या ड्रायव्हरात घंटीचं बटण या ओळीच्या आधी चालू व्हायचं. तू सगळं नव्याने मांडलंस, त्यात बटण गेलं खाली. ओळ जुन्याच जागी ठेवलीस, म्हणजे आधी डोकावतेस आणि मग बटण चालू करतेस. मधल्या वेळात आलेल्याचं काय? तू घरात खुर्चीवर बसून येतो म्हणालीस. तसं नाही चालत. चपला घालायच्या, दारात जायचं आणि तिथे म्हणायचं.”

आधी बटण चालू, मग शेवटचं वळून बघणं, मग झोप. शर्वरीने ओळ चार ओळी खाली सरकवली. वर्षाचा अहंकार आणि दोन दिवसांची धावपळ, सगळं त्या चार ओळींत आटोपलं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

“त्या दिवशी तुम्ही येते म्हणालात आणि मी मान वर केली नाही.”

“बघितलं मी,” वसुधाताई म्हणाल्या. “वळून बघितलं होतं ना. चल, चहा टाकते.”

त्या रात्री वीस पट्टे प्रयोगशाळेत आपसूक मुठी मिटत-उघडत राहिले. गुरुवारी सकाळी आकडा होता सात लाख अकरा हजार. अडकणं शून्य.

नसीमबाईंनी अहवाल दोनदा वाचला. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की दोष वापरणाऱ्यात नाही, चिपमध्येही नाही. ड्रायव्हरमधली आवश्यक ओळ शर्वरी निकम यांनी परिणामांचा विचार न करता काढली होती.

“असं नाव घालून लिहायलाच हवं का?”

“माझं नाव नाही घातलं, तर त्या जागी मामांचं राहील, मॅडम.”

“यापुढे तुझं काम दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय पट्ट्यात जाणार नाही. समिती हे मागेलच.”

“मागू दे. वसुधाताईंना विचारलंय मी. आठवड्यातून दोन दिवस येते म्हणाल्या. स्कूटरवरून.”

नसीमबाईंनी सही करायला पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. “आकडे पाहिले. आता माणूस बघू. मग सही.”

अकराच्या सुमाराला त्या दोघी रहिमतपुरात होत्या. शर्वरीने कणशांच्या पट्ट्यात नवा ड्रायव्हर घातला, आणि बाजारपेठेपासून वेशीपर्यंत सगळे एकेचाळीस व्हॉल्व्ह त्यांनी कणशांच्या मागून चालून पाहिले. उघडताना पाहिले, पाळी संपल्यावर बंद करताना पाहिले. पिळा, तळवा गजाला, थांबलं का, शेवटचा बारीक पिळा, आणि बोटं सुटायची. मधल्या एका व्हॉल्व्हला नसीमबाईंचेही ओठ हलताना शर्वरीने पाहिले. वेशीवरचा शेवटचा व्हॉल्व्ह बंद झाल्यावर नसीमबाईंनी तिथेच, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली आणि समितीला फोन करायला त्या बाजूला गेल्या.

कणशांच्या घरी शालनताईंनी चहा पुढे केला. कणशांनी कप डाव्या हाताने उचलला. उजवा हात खिशात गेला.

शर्वरीला राहवलं नाही. “मामा, आता काही भीती नाही. सात लाख वेळा बघितलंय मी.”

“तुमच्यावर इस्वास हाय, ताई,” कणसे म्हणाले. “पर व्हॉल्व लोखंडाचा. त्याला दुकत न्हाई.”

सात लाखांत एकही मनगट नव्हतं.

शालनताईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. पदराला हात पुसले, बांगड्या वर सारल्या आणि नवऱ्यासमोर मनगट धरलं. वळ आता पिवळट झाले होते.

“धरा.”

“काय तरीच.”

“धरा म्हंते ना. चार मिन्टं न्हाईतर चार मिन्टं. मला काय कुटं जायाचंय?”

कणशांनी खिशातून हात काढला. त्यांनी बायकोचं मनगट धरलं. धरून थांबले. ओठ हलले. मग, जशी सव्वीस वर्षं सवय होती तशी, बोटं हलकेच आणखी जरा आवळली. मनातल्या मनात शर्वरी पायरीवर बसून त्या चार ओळी पुन्हा वाचत होती.

बोटं उघडली. एकेक करून, सावकाश, कणशांनी उघडली तशी.

कणसे आपल्या उघड्या तळव्याकडे बघत होते.

“सोडायला कुणी सांगितलं?” शालनताई म्हणाल्या. त्यांचं मनगट अजून तिथेच होतं.

शर्वरीने रिकामा कप ठेवला आणि बॅग खांद्याला लावली. “मामा, मावशी, येते मी,” ती म्हणाली. चपला घातल्या, आणि दारात थांबून एकदा मागे वळून पाहिलं. कणशांनी बायकोचा हात पुन्हा धरला होता, आणि या खेपेला तो अडकलेला नव्हता.